लैंगिक वर्तन, प्राण्यांचे

प्रजोत्पादनासाठी नर व मादी एकमेकांजवळ येताना त्यांच्याकडून ज्या क्रिया घडतात, त्या सर्वांना मिळून लैंगिक वर्तन असे म्हणतात. जोडीदाराचा शोध, प्रतिस्पर्ध्याशी झुंज, प्रणयाराधन, प्रत्यक्ष समागम आणि काही प्राण्यांत समागमानंतरही टिकणारी जोडी या त्याच्या प्रमुख अवस्था होत. पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्याकाठी सुरू होणारे बेडकांचे ओरडणे, बाभळीवर लोंबणारी सुगरणीची घरटी आणि माजावर आलेल्या गाईचे हंबरणे ही त्याची सर्वांच्या परिचयाची उदाहरणे आहेत.

हे वर्तन दोन प्रकारच्या रासायनिक द्रव्यांवर अवलंबून असते. अंतःस्रावी ग्रंथींतून सरळ रक्तात मिसळणारे स्राव म्हणजे हॉर्मोने हा पहिला प्रकार आणि मेंदूतील एका तंत्रिका कोशिकेकडून दुसरीकडे संदेश नेणारी द्रव्ये हा दुसरा प्रकार होय. हॉर्मोन रक्तात आले की वर्तन आपोआप घडते, अशी समजूत पुष्कळदा आढळते. परंतु ती बरोबर नाही. हॉर्मोन मेंदूला व शरीराला विशिष्ट संकेताला प्रतिसाद देण्यास तयार करते. संकेत मात्र ऋतू, गंध, आवाज, स्पर्श किंवा जोडीदाराची हालचाल यांच्याकडून यावा लागतो. तयारी आणि संकेत या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, तरच वर्तन घडते. पशुपालन, मत्स्यसंवर्धन व वन्य जीवांचे रक्षण यांतील यशापयशाचा उलगडा या दुहेरी अटीवरून होतो.

ऐतिहासिक आढावा : वृषण काढून टाकले वा निकामी केले असता नराचा स्वभाव पालटतो, हे शेतकऱ्यांना फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. खोंडाला खच्ची करून त्याचा औताला जुंपण्याजोगा शांत बैल बनविण्याची रीत याच अनुभवावर आधारलेली आहे. या बदलाचे कारण प्रयोगाने शोधण्याचे श्रेय जर्मनीतील गटिंगेन येथील आर्नोल्ट बेर्टोल्ट यांच्याकडे जाते. १८४९ मध्ये त्यांनी तरुण कोंबड्यांचे वृषण काढले आणि त्यांपैकी काहींच्या उदरपोकळीत वृषण पुन्हा बसविले. वृषण नसलेल्या कोंबड्यांचा तुरा खुरटा राहिला, ते नीट आरवत नसत, झुंजत नसत व कोंबड्यांच्या माद्यांकडे लक्षही देत नसत. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा रुजले ते मात्र नेहमीच्या नरांसारखेच वागले. अशा वृषणाचा मूळच्या तंत्रिकांशी संबंध तुटलेला असल्यामुळे त्याचा प्रभाव रक्तावाटे पडत असला पाहिजे, असे अनुमान बेर्टोल्ट यांनी काढले.

ही द्रव्ये शुद्ध स्वरूपात मिळण्यास पुढे ८० वर्षे लागली. एस्ट्रोन हे स्त्रीमदजन हॉर्मोन १९२९ मध्ये, तर टेस्टोस्टेरोन हे पौरुषजन हॉर्मोन १९३५ मध्ये वळूंच्या वृषणांपासून अलग करण्यात आले. त्याच वर्षी टेस्टोस्टेरोनाचे संश्लेषणही साधले. या क्षेत्रातील कार्याबद्दल आडोल्फ बूटेनांट यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लेओपोल्ट रुझीच्का यांच्याबरोबर विभागून देण्यात आले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रँक बीच यांनी १९४८ मध्ये ‘हॉर्मोने आणि वर्तन’ या विषयावर ग्रंथ लिहून या शास्त्रशाखेचा पाया घातला.

मेंदू, पोष ग्रंथी व जनन ग्रंथी : वृषण आणि अंडकोश या जनन ग्रंथी स्वतंत्रपणे काम करीत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमस या भागातील थोड्याशा तंत्रिका कोशिका एक मोचक हॉर्मोन तयार करतात. ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून जवळच्या पोष ग्रंथीत पोहोचते. पोष ग्रंथीतून त्यामुळे पुटकोद्दीपक व पीतपिंडकर ही दोन हॉर्मोने रक्तात येतात आणि ती जनन ग्रंथींना चालना देतात. जनन ग्रंथींचे स्राव रक्तावाटे परत मेंदूत जातात. तेथे ते पुढील स्रवणाला आवर घालतात किंवा प्रसंगी ते वाढवितात. या फेऱ्याची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडली. मोचक हॉर्मोन दहा ॲमिनो अम्लांचे बनलेले असते, हे १९७१ मध्ये उलगडले आणि त्याबद्दल अँड्र्यू शॅली व रॉझे गीमँ हे १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

मोचक हॉर्मोन संथ धारेने न येता ठराविक अंतराने, झटक्याझटक्याने स्रवते. अर्न्स्ट नॉबिल यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत ते तासातासाने दिले असता पोष ग्रंथी कार्यक्षम राहिली; सतत दिले असता मात्र ती थंडावली. म्हणजे द्रव्याच्या मात्रेइतकेच त्याच्या लयीलाही महत्त्व असते. या कोशिकांना चालना देणारे किसपेप्टीन हे आणखी एक द्रव्य मेंदूतच तयार होते आणि यौवनारंभासाठी त्याची क्रिया आवश्यक असते, असे २००३ मध्ये दिसून आले. दिवसाची लांबी, आहार, शरीरातील चरबी व आजारपण यांची वार्ता मोचक कोशिकांपर्यंत पोहोचविण्यात त्याचा मोठा वाटा आहे. उपासमार झालेले जनावर माजावर येत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

मेंदूची घडण : हॉर्मोनांचा परिणाम दोन टप्प्यांत होतो. गर्भावस्थेत किंवा जन्माच्या आसपास ती मेंदूची घडण ठरवितात. वयात आल्यावर याच घडणीला जागे करतात. १९५९ मध्ये अमेरिकेतील फीनिक्स, गॉय, जेरल व यंग यांनी गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरोन दिले. त्यांच्या मादी पिल्लांचे वर्तन मोठेपणी नरांच्या वर्तनाकडे झुकले आणि स्त्रीमदजन देऊनही त्या मादीसारखा प्रतिसाद नीट देत नव्हत्या. निसर्गात याला जुळणारे उदाहरण गाईच्या जुळ्यांत सापडते. जुळ्यांपैकी एक खोंड व एक कालवड असेल आणि त्यांच्या वारांतील रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या असतील, तर खोंडाकडून येणाऱ्या स्रावांमुळे कालवडीच्या जननेंद्रियांची वाढ खुंटते. अशा कालवडींपैकी बहुसंख्य वांझ निघतात. म्हणून जुळ्यातील कालवड दुधासाठी वाढविण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासून घेणे हिताचे असते.

उंदरासारख्या कृंतक प्राण्यांत एक अनपेक्षित गोष्ट आढळली. नराच्या मेंदूत शिरलेल्या टेस्टोस्टेरोनाचे ॲरोमॅटेज या एंझाइमामुळे स्त्रीमदजनात रूपांतर होते आणि मेंदूला नराची घडण देण्याचे बरेचसे काम हे स्त्रीमदजनच करते. मादी गर्भाच्या रक्तातील एक प्रथिन आईकडून येणाऱ्या स्त्रीमदजनाला बांधून ठेवते, त्यामुळे तिच्या मेंदूवर असा परिणाम होत नाही. तेव्हा ‘पुरुषाचे’ व ‘स्त्रीचे’ हॉर्मोन ही लोकभाषेतील विभागणी शास्त्रीय दृष्ट्या ढोबळ आहे. दोन्ही प्रकारची हॉर्मोने दोन्ही लिंगांत असतात. घडणीतील फरक प्रत्यक्ष मेंदूतही दिसतो. कॅनरी व झेब्रा फिंच या पक्ष्यांत गाण्याचे नियंत्रण करणारी मेंदूतील केंद्रे नरांत माद्यांपेक्षा पुष्कळ मोठी असतात, असे नॉटेबोम व आर्नल्ड यांनी १९७६ मध्ये दाखविले.

ऋतू व पाऊस : बहुतेक वन्य प्राण्यांच्या जनन ग्रंथी वर्षभर सारख्या कार्यक्षम नसतात. पिल्लांना अन्न मुबलक मिळेल अशाच काळात ती जन्मावीत, अशी जुळणी नैसर्गिक निवडीने झालेली आहे. येत्या ऋतूची सर्वांत भरवशाची सूचना दिवसाच्या लांबीवरून मिळते. सस्तन प्राण्यांत अंधार असेपर्यंत तृतीय नेत्र पिंडातून मेलॅटोनीन हे हॉर्मोन स्रवते. रात्र मोठी झाली की त्याचा काळ लांबतो आणि मेंदूला ऋतू समजतो. मेंढी व म्हैस यांच्या जननक्रियेला लहान होत जाणारे दिवस अनुकूल असतात, तर घोडीला मोठे होणारे दिवस. पक्ष्यांत मात्र प्रकाशाची नोंद मेंदूच्या आत असलेल्या प्रकाशग्राही कोशिका कवटीतून येणाऱ्या प्रकाशावरून थेट घेतात.

महाराष्ट्रात दिवसाच्या लांबीच्या जोडीला पावसाचा संकेत निर्णायक ठरतो. सुगरण पक्षी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले व त्याचा वृत्तांत पुढील वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लोकभाषेत ‘सुगरण’ म्हटले जात असले, तरी घरटे विणणारा पक्षी नर असतो. तो घरटे अर्धवट विणून थांबतो. मादी येऊन ते पारखते व पसंत पडल्यास तेथे राहते. त्यानंतर नर घरटे पुरे करतो व दुसऱ्या मादीसाठी नवे विणू लागतो. विणीच्या हंगामात या नराचे डोके व छाती पिवळीधमक होते आणि चोच काळी पडते. काशी हिंदू विश्वविद्यालयातील जे. पी. थपलियाल व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पिवळा पिसारा वृषणाच्या स्रावावर अवलंबून नसून पोष ग्रंथीच्या पीतपिंडकर हॉर्मोनावर अवलंबून असतो. वृषण काढलेल्या नरालाही तो येतो. चोचीचा काळा रंग मात्र पौरुषजनांमुळे येतो. एकाच पक्ष्याच्या एकाच हंगामी वेषाचे दोन भाग दोन वेगळ्या ग्रंथींच्या ताब्यात असतात, हे यावरून स्पष्ट होते.

बेडकांतही असेच दिसते. पाऊस पडताच भारतीय मोठ्या बेडकाचे नर गडद पिवळे होतात व त्यांच्या स्वरकोशांना निळी झाक येते. समागमाच्या वेळी मादीला घट्ट धरता यावे म्हणून नराच्या अंगठ्यावर खरखरीत गादी तयार होते. ती पौरुषजनांमुळे वाढते. उभयचर प्राण्यांत ओरडणे व मादीला धरून ठेवणे या क्रियांना मेंदूतील व्हासोटोसीन हे द्रव्य चालना देते. परंतु पौरुषजनांची पूर्वतयारी नसेल, तर त्याचा परिणाम क्षीण होतो किंवा होतच नाही.

मावळातील महसीर : तयारी व संकेत यांतील अंतर किती महत्त्वाचे असते, हे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील अनुभवावरून चांगले कळते. लोणावळा, कुसगाव व वलवण या सह्याद्रीच्या माथ्यावरील परिसरात पावसाळ्यात सुमारे ४,००० मिमी. किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. हे पाणी विजेसाठी अडविण्याकरिता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे टाटांच्या जलविद्युत् योजनेची धरणे बांधण्यात आली. दख्खनी महसीर हा येथील नद्यांतला मोठा मासा. कर्नल सायक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील माशांवरून १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पावसाळ्यात नद्यांना पूर येतात तेव्हा हा मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि खडकाळ, वाहत्या, प्राणवायुयुक्त पाण्यात अंडी घालतो. धरणाच्या भिंतीमुळे त्याचा हा मार्ग बंद होतो. माशाच्या अंगात अंडी पक्व झालेली असतात, हॉर्मोने आपले बरेचसे काम करून चुकलेली असतात. परंतु शेवटचा संकेत देणारी वाहती जागा मिळाली नाही, तर अंडी घातली जात नाहीत व ती अंगातच जिरून जातात.

रोहू, कटला व मृगळ हे नदीतील मासे तळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत, ही अडचण मत्स्यशेतकऱ्यांना फार दिवस जाणवत होती. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओरिसातील अंगूल येथे माशांच्या पोष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातील माशांकडून अंडी घालवून घेण्यात यश मिळविले. हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे कार्प कुलातील माशांच्या मेंदूतून येणारे डोपामीन पोष ग्रंथीला रोखून धरते, असा शोध लागला. तेव्हापासून मोचक हॉर्मोनासारखे कृत्रिम द्रव्य व डोपामिनाला अडविणारे औषध एकत्र टोचण्याची पद्धत रूढ झाली. नदीच्या पुराने जो अडसर निसर्गतः दूर होतो, तोच येथे सुईने दूर केला जातो. नागपूर येथे निशिकांत सुभेदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मागूर माशाच्या मेंदूत मोचक हॉर्मोन असलेल्या कोशिका कोठे असतात, याचे तपशीलवार चित्र तयार केले आहे.

महसीराच्या बाबतीत लोणावळ्याजवळील वलवण येथे १९७० नंतर टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात काम सुरू झाले. सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांची नावे या कामाशी निगडित आहेत. पावसाळ्यात जलाशयात येऊन मिळणाऱ्या प्रवाहांकडे जमा होणारे पक्व मासे पकडून त्यांची अंडी व शुक्ररस हलक्या दाबाने काढून घेतात, त्यांचा संयोग करतात व पिल्ले वाढवून जलाशयांत सोडतात. तळ्यात वाढविलेल्या माद्यांसाठी हॉर्मोनाच्या अंतःक्षेपणाचाही उपयोग करण्यात आला. येथील बीज इतर राज्यांतही पाठविले गेले. या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. दक्षिणेत कावेरी नदीत सोडलेला दख्खनी महसीर तेथे इतका फोफावला की, त्या नदीतील मूळचा कुबडा महसीर मागे पडला; या मूळ जातीची २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली. अंडी घालवून घेण्याची कला साधली, तरी कोणता मासा कोणत्या नदीचा हा प्रश्न हॉर्मोनाने सुटत नाही.

गाई-म्हशींतील माज : मादी समागमास राजी असते त्या अल्प काळास माज किंवा मदकाल म्हणतात. गाय व म्हैस यांचे मदचक्र सुमारे २१ दिवसांचे असते. अंडकोशातील पुटक वाढू लागले की त्यातून स्त्रीमदजन अधिकाधिक स्रवते. ते अधोथॅलॅमसावर परिणाम करून माजाची लक्षणे घडविते आणि त्याच वेळी पोष ग्रंथीतून पीतपिंडकर हॉर्मोनाची लाट उसळविते. या लाटेमुळे काही तासांनी अंडमोचन होते. वर्तन व अंडमोचन यांची सांगड अशा रीतीने एकाच द्रव्याने घातलेली असते. गाय हंबरते, अस्वस्थ होते, दूध कमी देते, दुसऱ्या गाईवर चढते, दुसरी चढली असता स्थिर उभी राहते आणि योनिमार्गातून काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव (सोट) गळतो. गाईचा माज सुमारे १८ तास टिकतो व अंडमोचन तो संपल्यावर १० ते १४ तासांनी होते. म्हणून सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे, असा नियम घालून दिलेला आहे.

म्हशीत ही लक्षणे मंद असतात. ती गाईप्रमाणे दुसऱ्या म्हशीवर सहसा चढत नाही आणि पुष्कळदा रात्री माजावर येते. अंडमोचन होते, पण बाह्य लक्षणे दिसत नाहीत, अशा स्थितीला मुका माज म्हणतात. उन्हाळ्यात तो विशेष आढळतो. व्याल्यानंतरचे पहिले अंडमोचनही बहुधा मुकेच असते. याचे कारण असे की, गाई-म्हशी व मेंढ्या यांच्या मेंदूला स्त्रीमदजनाचा प्रभाव जाणवण्यासाठी त्याआधी काही दिवस प्रोजेस्टेरोन या प्रगर्भरक्षी हॉर्मोनाचा सहवास लागतो व तो पहिल्या चक्रात मिळालेला नसतो. उंदराच्या मादीत हा क्रम उलटा असतो. तेथे आधी स्त्रीमदजन व मग प्रोजेस्टेरोन लागते. एक माज हुकला की पुढील २१ दिवसांचा खुराक वाया जातो, वेत लांबते व भाकड काळ वाढतो. एक-दोन म्हशींवर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला हे नुकसान मोठे असते.

मुका माज ओळखण्यासाठी कळपात नसबंदी केलेला रेडा सोडतात. नसबंदीत केवळ शुक्रवाहिनी तोडलेली असते. वृषण शाबूत असल्यामुळे टेस्टोस्टेरोन रक्तात येतच राहते आणि रेडा माजावरची म्हैस अचूक हुडकतो, पण गर्भधारणा होत नाही. खच्ची केलेला रेडा या कामी निरुपयोगी ठरतो. दुसरा उपाय म्हणजे प्रोस्टाग्लँडिनाचे अंतःक्षेपण. त्याने अंडकोशातील पीतपिंड विरघळतो, प्रोजेस्टेरोन एकदम उतरते आणि दोन ते पाच दिवसांत माज येतो. मात्र अंडकोशात पक्व पीतपिंड नसेल, तर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून आधी तपासणी आवश्यक असते. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने गोठित रेताद्वारे कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेली. त्या सेवेचे यशही अखेर गोठ्यातील माणसाने माज वेळेवर ओळखण्यावर अवलंबून असते.

गंधाचे संकेत : अनेक प्राण्यांत संकेताचे काम गंधद्रव्ये करतात. वराहाच्या लाळेतील अँड्रोस्टेनोन या द्रव्याचा वास येताच माजावरील मादी पाठ ताठ करून स्थिर उभी राहते. माजावर नसलेली मादी तशी उभी राहत नाही. गोल्डफिश मादीच्या अंडमोचनापूर्वी तिच्या शरीरातील एक स्टेरॉइड पाण्यात उतरते व ते हुंगून नराच्या शरीरात शुक्ररस वाढतो. एकाचे हॉर्मोन येथे दुसऱ्यासाठी संकेत बनते. बोकडाच्या सान्निध्याने हंगामाबाहेरच्या शेळ्या माजावर येऊ लागतात. त्याच्या केसांतील एक गंधद्रव्य शेळीच्या मेंदूतील मोचक हॉर्मोनाच्या स्पंदनांना चालना देते, असे २०१४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. नुकताच समागम झालेल्या उंदराच्या मादीला परक्या नराचा वास आला, तर तिचा गर्भ रुजत नाही, हे हिल्डा ब्रूस यांचे १९५९ मधील निरीक्षणही प्रसिद्ध आहे.

मेंदूतील रसायने : अधोथॅलॅमसच्या पुढील टोकाशी असलेला दृक्पूर्व भाग नराच्या समागमक्रियेसाठी आवश्यक असतो. उंदरांत मादी जवळ आली की या भागात डोपामीन वाढते व क्रियेला जोर येतो. टेस्टोस्टेरोन नसेल, तर ही वाढ होत नाही. सेरोटोनीन सामान्यतः आवर घालण्याचे काम करते. मादीची स्वीकाराची ठेवण अधोथॅलॅमसाच्या मागील एका केंद्रावर अवलंबून असते. तेथील कोशिकांत स्त्रीमदजनामुळे प्रोजेस्टेरोनाचे ग्राहक रेणू तयार होतात आणि मग नराच्या स्पर्शाला प्रतिसाद मिळतो. डोपामीन कार्प माशाच्या पोष ग्रंथीला रोखते, तर उंदराच्या दृक्पूर्व भागाला चेतविते. यावरून रासायनिक द्रव्याला स्वतःचा असा ठराविक अर्थ नसतो. ते कोणत्या कोशिकेवर, कोठे व केव्हा पडते यावर परिणाम ठरतो, हे लक्षात येते.

उत्तर अमेरिकेतील प्रेअरी व्होल हा कृंतक आयुष्यभर बहुधा एकाच जोडीदाराबरोबर राहतो, तर त्याचा जवळचा नातलग माळावरील व्होल तसा राहत नाही. ऑक्सिटोसीन व व्हासोप्रेसीन या द्रव्यांचे ग्राहक रेणू दोघांच्या मेंदूत वेगवेगळ्या जागी असतात, असे १९९० नंतरच्या संशोधनात आढळले. ऑक्सिटोसिनाला यामुळे ‘प्रेमाचे हॉर्मोन’ असे नाव मिळाले. परंतु हे ग्राहक जन्मतःच नसलेले प्रेअरी व्होलही जोडी जमवितात, असे २०२३ मध्ये दिसून आले. इतक्या गुंतागुंतीच्या वर्तनाचा भार एकाच द्रव्यावर टाकणे योग्य नाही, हे त्यामुळे अधोरेखित झाले.

वर्तनाचा हॉर्मोनांवर परिणाम : कार्यकारणाचा ओघ उलट दिशेनेही वाहतो. होल्याच्या मादीने काचेपलीकडील नराचे प्रणयाराधन नुसते पाहिले, तरी तिचे अंडकोश वाढू लागतात, असे डॅनियल लेअरमन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसले. सशाच्या मादीत समागमानंतरच सुमारे १० तासांनी अंडमोचन होते; मांजरातही समागमाचा स्पर्शच त्याला कारणीभूत होतो. उंट व लामा यांच्या वीर्यातील एक प्रथिन मादीच्या मेंदूवाटे अंडमोचन घडवून आणते. अनेक पक्ष्यांच्या नरांत प्रतिस्पर्धी समोर आला की टेस्टोस्टेरोन वाढते व पिल्लांच्या संगोपनाच्या काळात ते उतरते.

पूर्वानुभवाचेही महत्त्व असते. समागमाचा अनुभव असलेल्या बोक्याला खच्ची केले, तरी त्याचे वर्तन काही काळ, क्वचित पुष्कळ महिने टिकते; अननुभवी बोक्यात ते सहसा उद्भवत नाही. काही प्राण्यांत तर समागम व हॉर्मोन यांची वेळच जुळत नाही. कॅनडातील गार्टर साप शीतनिद्रेतून बाहेर पडताच समागम करतात, परंतु त्या वेळी नराचे वृषण निष्क्रिय असतात. शुक्राणू आदल्या उन्हाळ्यात तयार करून ठेवलेले असतात. माकडे व मानव यांच्या माद्यांत समागमाची क्षमता मदचक्राला बांधलेली नसते. हॉर्मोनांचा परिणाम इच्छेच्या चढउतारापुरता राहतो व समाज, शिकवण आणि परस्परसंबंध यांचा वाटा मोठा होतो. म्हणून उंदरावरील निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत.

बाह्य रसायनांचा उपद्रव : शरीरातील संकेतांची ही व्यवस्था अत्यल्प मात्रेवर चालत असल्याने बाहेरून आलेल्या द्रव्यांनी ती सहज बिघडते. गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम स्त्रीमदजन सांडपाण्यातून नद्यांत जाते. कॅनडातील एका प्रायोगिक तळ्यात ते लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम इतक्या सूक्ष्म प्रमाणात सोडले असता नर माशांत मादीची लक्षणे उत्पन्न झाली आणि काही वर्षांत त्या तळ्यातील फॅटहेड मिनो या लहान माशांची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रयोगात पाणी वरकरणी स्वच्छ होते व मासे जिवंत होते; नाहीसे झाले होते ते पुढील पिढीचे बीज. नदीचे आरोग्य पारखताना पाण्यात मासे आहेत की नाहीत, एवढेच पाहणे त्यामुळे पुरेसे ठरत नाही. ते मासे ऋतू येताच प्रवाह चढतात की नाही व त्यांची अंडी फळतात की नाही, हेही पाहावे लागते.